ताशी मजुरी ११ टक्क्यांनी वाढली, तीनशे माणसे कमी झाली: चाकणच्या एका कारखान्याचे प्रकरण

चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. मशिनिंग, वेल्डिंग आणि असेंब्ली असे तीन विभाग. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या गाड्यांची मागणी असल्याने तिन्ही पाळ्या भरून चालतात. डिसेंबरमध्ये गाड्या बनवणाऱ्या कंपन्या वर्षअखेरीचा साठा कमी करतात, देखभालीसाठी लाइन बंद ठेवतात आणि ऑर्डर एकदम खाली येतात. या दोन महिन्यांत कुणाचाही दर एका पैशाने बदललेला नाही. तरीही दिलेली एकूण मजुरी भागिले कामाचे एकूण तास असे साधे गणित केले, तर कारखान्याची सरासरी ताशी मजुरी ११.२ टक्क्यांनी वाढलेली दिसते.

कारखाना नमुन्यादाखल मांडला आहे. माणसांची संख्या आणि दर हिशेब नीट दिसावा म्हणून गोल आकड्यांत धरले आहेत. कायम, कंत्राटी आणि ट्रेनी ही त्रिस्तरीय रचना मात्र भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या सगळ्या पट्ट्यात रोज दिसते. म्हणूनच हा भ्रम एका कारखान्यापुरता राहत नाही. असे शंभर कारखाने एकत्र करून 'पुण्यातील उत्पादन क्षेत्राची ताशी मजुरी' असा निर्देशांक काढला, की मंदीच्या तोंडावर तो वर जातो. बँका, ठेकेदार, कामगार संघटना आणि करारासाठी बसलेले व्यवस्थापन असा आकडा वापरतात. त्यामुळे ही चूक कुणाच्या तरी पगारावर किंवा नोकरीवर जाऊन पडते.

मूळ हिशेब

दोन्ही महिन्यांत प्रत्येकी २५ कामाचे दिवस आणि रोज ८ तास धरले आहेत, म्हणजे माणशी २०० साधे तास.

| गट | दर (ताशी) | ऑक्टोबर: माणसे | साधे तास | ओटी (ओव्हरटाइम) तास | रक्कम | डिसेंबर: माणसे | तास | रक्कम |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| कायम | ₹२२० | २०० | ४०,००० | २,००० | ₹९६.८ लाख | २०० | ४०,००० | ₹८८ लाख |
| कंत्राटी | ₹८० | ५०० | १,००,००० | १५,००० | ₹१०४ लाख | २५० | ५०,००० | ₹४० लाख |
| ट्रेनी | ₹७० | १०० | २०,००० | नाही | ₹१४ लाख | ५० | १०,००० | ₹७ लाख |
| एकूण | | ८०० | १,६०,००० | १७,००० | ₹२१४.८ लाख | ५०० | १,००,००० | ₹१३५ लाख |

ओटी दुप्पट दराने धरला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये हाच नियम होता आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही दर दुप्पटच आहे. ट्रेनींमध्ये शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालची मुले आहेत. त्यांना परवानगीशिवाय ओटीवर ठेवता येत नाही, म्हणून त्या रकान्यात 'नाही'.

ऑक्टोबरची सरासरी २१४.८ लाख भागिले १.७७ लाख तास, म्हणजे ₹१२१.३६. डिसेंबरची १३५ लाख भागिले १ लाख तास, म्हणजे ₹१३५. फरक ₹१३.६४.

त्याच वेळी कामाचे तास ४३.५ टक्क्यांनी घटले, वाटलेली मजुरी ३७ टक्क्यांनी घटली आणि ३०० माणसांना ब्रेक मिळाला, म्हणजे त्यांचे काम थांबले. 'मजुरी वाढली' हे वाक्य गणिताने खरे आहे, पण जिल्ह्याची तब्येत ते उलटी सांगते.

₹१३.६४ कुठून आले

येथे घाई करू नये. हा फरक तीन तुकड्यांत फोडल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही.

पहिला तुकडा ओटीचा. ऑक्टोबरचे सगळे तास, ओटीचेसुद्धा, साध्या दराने मोजायचे: कायम ४२,००० × २२०, कंत्राटी १,१५,००० × ८०, ट्रेनी २०,००० × ७०. बेरीज ₹१९८.४ लाख, सरासरी ₹११२.०९. म्हणजे ऑक्टोबरच्या सरासरीत ₹९.२७ निव्वळ ओटीच्या जादा दराचे होते. डिसेंबरमध्ये ओटी नाही, त्यामुळे या कारणाने सरासरी ₹९.२७ ने खाली यायला हवी होती.

दुसरा तुकडा रचनेचा. ऑक्टोबरच्या तासांत कंत्राटी वाटा ६५ टक्के होता, डिसेंबरमध्ये तो ५० टक्क्यांवर आला. कायम कामगारांचा वाटा सुमारे २४ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. स्वस्त तास गेले, महाग तास राहिले. याने सरासरी ₹२२.९१ ने वर ढकलली.

तिसरा तुकडा दराचा, म्हणजे ज्यासाठी निर्देशांक काढायचा तो. तो शून्य.

उणे ९.२७, अधिक २२.९१, अधिक शून्य: १३.६४. पहिले दोन तुकडे विरुद्ध दिशेने ओढतात, म्हणून एखाद्या महिन्यात ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरासरी अगदी शांत दिसते. अशी शांत सरासरी आम्हाला उसळलेल्या सरासरीपेक्षा जास्त धोक्याची वाटते, कारण उसळी आली की निदान कुणीतरी चौकशी करते.

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबरमध्ये ₹१२१ हा दर त्या कारखान्यात कुणालाच मिळत नव्हता. कंत्राटी माणूस ओटी धरून ताशी ₹९०.४३ घेत होता, कायम कामगार ₹२३० च्या घरात. दोन वेगळ्या गटांमधल्या रिकाम्या जागेत सरासरी उभी राहते. म्हणून पुण्यासाठी एकच आकडा छापणे आम्हाला मान्य नाही. कायम आणि कंत्राटी हे दर वेगवेगळेच द्यावेत.

मनुष्यदिवसाचा सापळा

तास मिळत नाहीत म्हणून बरेच जण मनुष्यदिवसावर भागतात. वार्षिक उद्योग पाहणीत मनुष्यदिवसच असतात. ही पाहणी एप्रिल ते मार्च अशा वर्षाची माहिती घेते आणि थेट नेमलेले व ठेकेदारामार्फत आलेले कामगार वेगळे दाखवते, हा तिचा मोठा गुण. पण मनुष्यदिवस म्हणजे पाळीची हजेरी. माणूस आठ तास थांबला काय आणि बारा तास थांबला काय, दिवस एकच.

आपल्या कारखान्यातले कंत्राटी कामगार घ्या. ऑक्टोबरमध्ये ₹१०४ लाख भागिले १२,५०० मनुष्यदिवस, म्हणजे दिवसाला ₹८३२. डिसेंबरमध्ये ₹६४०. मनुष्यदिवसावर पाहिले तर ऑक्टोबरचा दर ३० टक्के जास्त. खऱ्या तासांवर पाहिले तर १३ टक्के जास्त. मूळ दरावर पाहिले तर काहीच फरक नाही. भाजक बदलला की उत्तर बदलते, आणि मनुष्यदिवसाचा भाजक ओटीच्या काळात सर्वांत जास्त फसवतो.

घरोघरी होणाऱ्या श्रमबल पाहणीत तास विचारतात, पण तिथे दुसरी अडचण आहे. नियमित पगारदारांची कमाई मागच्या कॅलेंडर महिन्याची असते, तर तास संदर्भ आठवड्याचे. अंश आणि छेद दोन वेगळ्या काळांचे. शिवाय ती पाहणी माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजते. शिरवळची औद्योगिक वसाहत सातारा जिल्ह्यात, आणि तिथे कामाला जाणारी बरीच माणसे पुणे जिल्ह्यातून जातात. 'पुण्याची मजुरी' म्हणजे पुण्यात राहणाऱ्यांची की पुण्यात काम होणाऱ्या कारखान्यांची, हे आधी ठरवावे लागते. प्रादेशिक निर्देशांकासाठी कामाची जागा धरणे योग्य.

तास कसे उचलायचे

सर्वांत जास्त चुका येथे होतात.

पाळी बहुधा साडेआठ तासांची असते; अर्धा तास जेवणाचा, तो बिनपगारी. बायोमेट्रिक यंत्रातून आत-बाहेरची वेळ उचलली तर ८.५ तास येतात, पगारपत्रकात ८ असतात. पंचिंगवर भागले की दर ५.९ टक्क्यांनी कमी दिसतो. एका कारखान्याने पंचिंग दिले आणि दुसऱ्याने मस्टर, म्हणजे हजेरीपट दिला, तर हा फरक दोन कारखान्यांच्या मजुरीतला फरक म्हणून छापला जातो. म्हणून नियम एकच ठेवावा: पगारासाठी मान्य झालेले तास, त्यात साधे वेगळे आणि ओटीचे वेगळे.

मग भागाकार. कायम कामगारांचा पगार महिन्याचा असतो. काही ठिकाणी तो २६ ने आणि ८ ने भागतात, म्हणजे २०८ तास. काही ठिकाणी ३० ने भागतात, म्हणजे २४० तास. त्याच पगाराचे दोन दर निघतात आणि त्यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक पडतो. कारखान्याने कळवलेला 'ताशी दर' कधीही जसाच्या तसा घेऊ नये. महिन्याची रक्कम आणि तास मागावेत, भागाकार आपण करावा.

गुरुवार विसरू नये. पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर काही मोठ्या कंपन्या रविवारी बंद असतात. पाच गुरुवारांच्या महिन्यात एका गटाचे तास कमी होतात, दुसऱ्याचे नाही. 'तास घटले' असे म्हणण्याआधी प्रत्येक कारखान्याचे कामाचे दिवस त्याच्याच सुट्टीप्रमाणे मोजावेत.

ओटी लपलेला असतो, हे सर्वांत कठीण. दुप्पट दराने ओटी दाखवायचा नसला, की तीच रक्कम 'प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह' किंवा 'विशेष भत्ता' या रकान्यात जाते. तास मस्टरवर येत नाहीत, पैसे पगारपत्रकात येतात. आपल्या उदाहरणात कंत्राटी कामगारांचे ओटीचे ₹२४ लाख असे दाखवले तर दर ₹१०४ लाख भागिले १ लाख तास, म्हणजे ₹१०४ निघेल. खरा दर ₹८०, ओटी धरून ₹९०.४३. ओळखण्याची खूण: तो भत्ता महिन्यागणिक गेटच्या नोंदींतील जादा तासांबरोबर वरखाली होतो का ते पाहावे. होत असेल तर तो ओटी आहे. कधी पैसे न देता बदली सुट्टी, म्हणजे सी-ऑफ देतात. तिथे तास खरे, पण पैसे पुढच्या महिन्यात सुट्टीच्या रूपाने निघतात. कधी सरळ एकेरी दर दिला जातो. हा कामगाराच्या हक्काच्या पैशाचा प्रश्न आहे, आणि आकडेवारीत तो दिसला तर तसाच नोंदवावा, सरासरीत मिसळून गुळगुळीत करू नये.

ठेकेदाराचे बिल म्हणजे मजुरी नव्हे

कंत्राटी कामगारांची माहिती मागितली, की हिशेब विभाग हमखास ठेकेदाराच्या बिलाची रक्कम पाठवतो. ₹८० दराचे बिल असे चढते: भविष्य निधीचा मालकाचा वाटा आणि त्यावरचे प्रशासन व विमा आकार मिळून १३ टक्के, कामगार राज्य विमा (ईएसआय) ३.२५ टक्के, किमान बोनस ८.३३ टक्के. पूर्ण मजुरीवर धरले तर ₹९९.६६. त्यावर ठेकेदाराचा सेवा आकार समजा ७ टक्के, म्हणजे ₹१०६.६४. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ₹१२६.

कामगाराचा दर ₹८० आणि कागदावर ₹१२६. मालकाच्या खर्चाचा निर्देशांक काढायचा असेल तर जीएसटी वगळून ₹१०६ चा आकडा उपयोगी आहे. मजुरीचा निर्देशांक काढायचा असेल तर ठेकेदाराचे वेतन रजिस्टरच मागवावे लागते, बिल नाही. ओटीच्या रकमेवर भविष्य निधी लागत नाही, पण राज्य विम्याच्या जुन्या कायद्याखाली हप्ता लागत होता. त्यामुळे ओटी असलेल्या महिन्यात बिलावरून उलटा हिशेब करून मजुरी काढायला गेलात तर चूक होतेच.

महिन्यात अचानक येणारे डोंगर

दिवाळीआधीचा बोनस ८.३३ ते २० टक्के; १९६५ च्या कायद्यातली ही मर्यादा नव्या वेतन संहितेतही आहे. तो एका महिन्यात धरला तर तो महिना उंच होतो. तो बाजूला ठेवावा किंवा बारा महिन्यांत विभागावा.

करारातला फरक याहून मोठा. कायम कामगारांचे वेतन करार साधारण तीन-चार वर्षांचे असतात आणि वाटाघाटी लांबल्या, की मागील तारखेपासूनचा फरक एका हप्त्यात मिळतो. तो मिळालेल्या महिन्यात टाकू नये; ज्या महिन्यांचा आहे त्या महिन्यांत मागे वाटून द्यावा आणि आधी छापलेले आकडे सुधारून पुन्हा छापावेत. सुधारणा छापायला अनेकांना संकोच वाटतो. तो ठेवण्याचे कारण नाही.

तिसरा डोंगर व्याख्येचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम आता वेतनात मोजली जाते. भत्त्यांचा भाग मोठा असलेल्या पगारात 'वेतन' कागदावर वाढते, हातात पडणारी रक्कम तीच राहू शकते. मालिका तुटू नये म्हणून अंशात कपातीपूर्वीची सगळी रोख रक्कम धरावी, 'मूळ अधिक महागाई भत्ता' नव्हे.

दुरुस्त निर्देशांक आणि जानेवारी

दुरुस्तीची पद्धत साधी आहे: प्रत्येक गटाचा साधा दर घ्यायचा आणि ऑक्टोबरच्या तासांची वजने स्थिर ठेवायची. डिसेंबरचा निर्देशांक बरोबर १०० येतो. दर बदललेच नव्हते.

जानेवारीत काय होते ते पाहा. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत, सहा-सहा महिन्यांसाठी बदलतो. समजा कंत्राटी दर ₹८० चा ₹८३ झाला, माणसे डिसेंबरइतकीच. साधी सरासरी ₹१३५ वरून ₹१३६.५० होते, म्हणजे १.१ टक्का वाढ. स्थिर वजनांचा निर्देशांक १०१.७ येतो. डिसेंबरमध्ये साध्या सरासरीने नसलेली वाढ दाखवली आणि जानेवारीत असलेली वाढ कमी दाखवली.

आता या १.७ टक्क्याचा अर्थ. तो मनुष्यबळाच्या टंचाईचा नाही. विशेष भत्ता महागाईला बांधलेला असतो, त्यामुळे हे तीन रुपये मागच्या महागाईची भरपाई आहेत. टंचाईचा माग घ्यायचा असेल तर कंत्राटी दर त्याच परिमंडळाच्या (किमान वेतनासाठी ठरवलेल्या भागाच्या) आणि त्याच कौशल्यश्रेणीच्या किमान वेतनापेक्षा किती वर आहे, हे अंतर पाहावे. सीएनसी (संगणकनियंत्रित यंत्राचा) ऑपरेटर, वेल्डर आणि पॅकिंगचा हेल्पर यांचे अंतर वेगवेगळे ठेवावे. वेल्डरचे अंतर वाढते आहे आणि हेल्परचे शून्यावर चिकटले आहे, हे पुण्यातल्या उद्योगाबद्दल खूप काही सांगते.

या अंतरातही एक गोष्ट निसटते. दिवाळीनंतर, होळीला आणि लग्नसराईत मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातली माणसे गावी जातात. ती वेळेत परतत नाहीत तेव्हा ठेकेदार मूळ दर सहसा वाढवत नाही, कारण वाढवलेला दर खाली आणता येत नाही. तो हजेरी भत्ता देतो, महिन्यात एकही खाडा नसेल तर ठरावीक रक्कम. शिवाय खोलीची सोय, बस, जेवण. म्हणून हजेरी भत्त्याला प्रश्नावलीत स्वतंत्र रकाना हवाच.

कोणता आकडा आधी हलतो

ऑर्डर घटली की आधी ओटी थांबतो. मग कंत्राटी कामगारांना ब्रेक मिळतो. त्यानंतर आठवड्यातले काही दिवस ब्लॉक क्लोजर, म्हणजे कारखानाच बंद. दर बहुधा हलतच नाहीत. ऑर्डर वाढली की हाच क्रम उलटा: ओटी, मग ठेकेदाराकडे माणसांची मागणी, मग हजेरी भत्ता, मग कुशल कंत्राटी दर, आणि सर्वांत शेवटी कायम कामगारांचा करार, जो दोन-तीन वर्षांपूर्वीच्या परिस्थितीत ठरलेला असू शकतो.

त्यामुळे मजुरीचा दर एकटा छापणे अपुरे आहे. शेजारी तीन आकडे हवेत: माणशी तास, एकूण तासांत ओटीचा वाटा आणि कंत्राटी तासांचा वाटा. आपल्या कारखान्यात ओटीचा वाटा ९.६ टक्क्यांवरून शून्य झाला. हा एक आकडा पाहणाऱ्याला ११ टक्क्यांच्या वाढीने फसवता आले नसते. अमेरिकेत कामगार सांख्यिकी ब्युरो दरमहा उत्पादन क्षेत्राचे साप्ताहिक तास, ओटीचे तास आणि ओटीचा जादा भाग वगळलेली ताशी कमाई असे सगळे देते. तिथल्या अग्रगामी निर्देशांकात, म्हणजे अर्थव्यवस्थेची दिशा आधी दाखवणाऱ्या निर्देशांकात, उत्पादन क्षेत्राचे साप्ताहिक तास घेतले जातात, मजुरी नाही. तिथे ओटी दीडपट असतो. आपल्याकडे दुप्पट असल्याने तो भाग वगळण्याची गरज अधिक.

एकापासून पट्ट्यापर्यंत

कारखाने निवडताना राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातले गट पाहावेत. पुण्यासाठी २२ (रबर-प्लास्टिक), २४ (मूळ धातू), २५ (धातूच्या वस्तू), २७ (विजेची उपकरणे), २८ (यंत्रे), २९ (मोटारी) आणि ३० (इतर वाहने) पुरतात. यातला ३० बऱ्याचदा सुटतो. मोटारी आणि त्यांचे भाग २९ मध्ये, पण दुचाकी आणि तिचे भाग ३० मध्ये. आकुर्डी-चाकणच्या पट्ट्यात ३० वगळला तर दुचाकी पुरवठादारांची साखळीच गळते.

छोटी वर्कशॉप वेगळ्या थरात ठेवावीत. दहाहून कमी माणसांच्या भोसरीतल्या गाळ्यांत मस्टर मिळत नाही. तिथे रोजचा दर आणि पाळीचे तास तोंडी विचारून नोंदवावे लागतात, आणि ती माहिती मोठ्या कारखान्यांच्या आकड्यांत मिसळू नये.

खरी मजुरी काढताना औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकातला पुणे केंद्राचा आकडा घ्यावा. २००१ पायाच्या जुन्या मालिकेतून २०१६ पायाच्या मालिकेत येताना जोडगुणकही (दोन मालिका जोडणारा गुणक) पुणे केंद्राचाच हवा. अखिल भारतीय २.८८ हा गुणक पुण्याला लावला की मालिकेच्या जोडावर कृत्रिम पायरी तयार होते.

छापताना एक मर्यादा पाळावी. एखाद्या गटात एकाच कंपनीचे तास निम्म्याहून जास्त असतील, तर तो गट स्वतंत्र देऊ नये. शेजारच्या गटात मिळवावा आणि कुठे मिळवला ते तळटीपेत लिहावे. चाकणमध्ये एका मोठ्या कंपनीचा करार त्या गटाच्या आकड्यातून सहज ओळखता येतो, आणि असे एकदा झाले की पुढच्या तिमाहीला पगारपत्रक कुणी देत नाही.